गालापागोसची निवडुंग-फिंच : वेगळी जात म्हणायची का?

मुक्ताई
डॅफ्ने मेजर हे प्रशांत महासागरातल्या गालापागोस द्वीपसमूहातलं जेमतेम ०.३४ चौरस किलोमीटरचं बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे संशोधक दांपत्य १९७३ पासून चाळीसेक वर्षं तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत राहिलं. त्यातली एक म्हणजे निवडुंग-फिंच : लांब, टोकदार चोचीची, फड्या निवडुंगाच्या फुलांवर आणि बियांवर जगणारी. १९८३ च्या एल निनोनंतर (समुद्राचं पाणी तापतं आणि तिकडे भरपूर पाऊस पडतो, ती घटना) तिचा शेजारच्या मध्यम भू-फिंचशी संकर वाढला आणि पुढच्या दोन दशकांत तिची चोच बोथट होत गेली. जी जात अशी शेजाऱ्यात मिसळत जाते, तिला स्वतंत्र जात म्हणणं मला पटत नाही.

रानपाखरू
अजिबात सहमत नाही. नर पिल्लू बापाचं गाणं शिकतं, मादी बापासारखं गाणारा जोडीदार निवडते. म्हणजे संकरातली पिल्लंही बापाच्याच गोतात जातात. भिंत गाण्याची आहे, आणि ती उभी आहे.

मुक्ताई
पण तिला भगदाडं आहेत! काही पिल्लं शेजारच्या जातीचं गाणं उचलतात, तिथूनच संकर होतो.

माळरान
दोघंही पक्ष्यावर अडकलात, निवडुंगाकडे बघा. संकर १९८३ पूर्वीही व्हायचा, पण ती पिल्लं तगत नसत. त्या वर्षी धो धो पाऊस झाला, वेलींनी निवडुंग झाकून टाकले, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि मधल्या आकाराची चोच चालून गेली. परिस्थिती बदलली की निकालही बदलतो. दहा-वीस वर्षांच्या चोचींवरून जात मोडीत काढायची घाई कशाला?

रानपाखरू
हेच म्हणतो. निवडुंग जपा, फिंच तिचं बघून घेईल.

पानगळ
इतकं सरळ नाही हो. हीच फिंच फूल उमलायच्या आत फाडते आणि परागकणांच्या आड येणारी कुक्षी, म्हणजे फुलाचं पराग झेलणारं टोक, छाटून टाकते. त्या फुलात मग बी धरत नाही, आणि कोरड्या दिवसांत तिला त्याच बियांची गरज असते.

मुक्ताई
पानगळ, हे माहीत नव्हतं. जातीबद्दलचं मत तेच आहे. पण माळरान म्हणतात तो मुद्दा मोठा आहे : नुसत्या चोचीची मापं घेऊन भागणार नाही, त्याच वर्षांत निवडुंगाला फुलं किती, बिया किती, हेही शेजारी मांडायला हवं.