सीडी४ म्हणजे टी-पेशीच असे नव्हे
ऊतीच्या पातळ छेदावर प्रतिपिंड लावून पेशींतील प्रथिने रंगवतात; त्यात सीडी४ या प्रथिनाचा तपकिरी रंग दिसला की ती मदतनीस टी-पेशीच (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार), असे म्हटले जाते. परंतु ऊतीत हा निकष फसवा ठरतो, कारण मानवी मॅक्रोफेजवरही (जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या पेशींवरही) सीडी४ असते, रंग मात्र बहुधा फिकट येतो. म्हणून लगतच्या छेदांवर सीडी३ (टी-पेशींची खूण) आणि सीडी६८ (मॅक्रोफेजची खूण) पाहिल्याशिवाय मी तरी निष्कर्ष काढणार नाही. रंगवण्यासाठी वापरलेले मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून बनवलेले) प्रतिपिंड एकाच एपिटोपला, म्हणजे प्रथिनाच्या एका ठरावीक भागाला, चिकटते, हेच त्याचे बळ आणि हीच त्याची मर्यादा: ऊती टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनमुळे तो एपिटोप झाकला गेला, तर पेशी समोर असूनही रंग चढत नाही, आणि छेद बफरमध्ये तापवून तो पुन्हा उघडा करावा लागतो. रिटुक्सिमॅब (सीडी२० ला चिकटणारे औषध) घेतलेल्या रुग्णात सीडी२० ही बी-पेशींची खूण दिसली नाही, तर बी-पेशी नाहीत असे लिहिण्यापूर्वी सीडी७९ए किंवा पॅक्स५ ही बी-पेशींची दुसरी खूण अवश्य तपासावी.