मदत हवी आहे: नेट खरंच चालू आहे का, स्क्रिप्टने कसं ओळखायचं?

मंडळी, घणसोलीत आमच्या क्लासच्या पीसीवर, विंडोज १० आहे, एक बॅच फाइल (कमांडची छोटी स्क्रिप्ट) ठेवलीय, ती अधूनमधून ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग मारते (उत्तर येतंय का ते बघते) आणि फेल झालं की लॉगमध्ये वेळ लिहिते, केबलवाल्याला दाखवायला पुरावा नको का? पण राउटरच्या पुढची लाइन गेली की राउटरच 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' उत्तर देतो आणि पिंग त्यालाच उत्तर धरून एररलेव्हल (कमांडचा निकाल सांगणारा आकडा) शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', देतो, म्हणजे नेट बंद आणि लॉग कोरा! आउटपुटमध्ये 'टीटीएल' (हा शब्द खऱ्या उत्तरातच येतो) शोधलं की हे सुटतं, ते ठीक. पण पिंग जातंय आणि फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) गंडलंय, हे कसं पकडू? कर्लने (कमांडवरून वेबपान मागवणारा प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टची कनेक्टटेस्ट फाइल (नेट तपासायलाच ठेवलेली छोटी फाइल) मागवून आतला मजकूर तपासला तर रिचार्ज संपल्यावर येणारं लॉगिन पेजही कळेल ना? कोणी केलंय का असं?