आजोबांची रायफल 'नवीकोरी' केली, यात कौतुक कसलं?

अक्रोडी दस्ता
काल 'तिसरी पिढी' यांनी दोन फोटो टाकले. पहिल्यात त्यांच्या आजोबांची, विलायतेच्या वेस्टली रिचर्ड्सने बनवलेली .३१८ बोरची रायफल, माउझर ९८ ॲक्शनची (म्हणजे काडतूस भरायची-काढायची यंत्रणा जर्मन माउझरची), कलकत्त्याच्या मॅन्टन या बंदूकवाल्यांमार्फत आलेली. नळीवर तपकिरी डाग, दस्ता हाताच्या घामाने काळवंडलेला. दुसऱ्यात तीच रायफल आरशासारखी चमकणारी, दस्त्यावर दिवाणाला मारतात तसलं पॉलिश, वर दुर्बीण. खाली वाक्य: 'शंभर वर्षांची म्हातारी पुन्हा तरुण केली.' त्यावर वाहवाच वाहवा. एकानेही विचारलं नाही की गेलं काय. म्हणून मी लिहितोय, आणि सविस्तर लिहिणार आहे.

त्या काळी नळीला रंग चढवायला 'रस्ट ब्लू' करत. नळीवर हलका गंज चढू द्यायचा, ती उकळत्या पाण्यातून काढायची, तारेच्या मऊ ब्रशने घासायची, की पुन्हा पहिल्यापासून. असं कित्येक दिवस. त्यातून येणारा रंग काळा नसतो. पिकल्या जांभळावर न पुसलेली जी साय असते, तसा तो असतो. तुमची नळी आधी बफावर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरली आणि मग गरम क्षारांत बुडवली. फोटो मोठा करून पाहा. 'मॅन्टन'ची अक्षरं वितळलेल्या मेणबत्तीसारखी दिसतात. रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट बसतो त्या भागाच्या, ज्या कडा कारागिराने कानशीने धारदार ठेवल्या होत्या, त्या गोल झाल्या. खालच्या स्क्रूंच्या खाचा विलायती कारागीर नळीच्या रेषेत, एका ओळीत आणून थांबवत. तुमच्या स्क्रूंची डोकी कुरतडलेली आहेत आणि खाचा वाटेल त्या दिशेला.

आणि दुर्बिणीसाठी चार भोकं! पंखासारखी तीन जागांची सेफ्टी दुर्बिणीला अडते, म्हणून तीही बदललेली दिसते. नेम धरायची, घडीच्या पात्यांची मागची साइटही जागेवर नाही. कुठे गेली ही मंडळी? बनवणाऱ्यांच्या जुन्या वह्या अजून आहेत. रिग्बी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांना नंबर कळवला की रायफल कुठल्या साली, कुणासाठी निघाली ते सापडू शकतं. एवढा इतिहास असलेली वस्तू आपण भांड्याला कल्हई लावावी तशी चकाकवतो.

तिसरी पिढी
साहेब, फोटो पाहून लिहिणं सोपं आहे. आता गंज कुठून आला ते ऐका. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि आठवड्याभरात रायफल जमा करा म्हणून निरोप आला. केली. ४ जूनला निकाल लागला. परत आणायला गेलो तर आज साहेब नाहीत, उद्या या, अर्ज द्या, अर्जावर सही नाही. जुलैच्या मध्याला हातात मिळाली. गोणपाटात गुंडाळलेली, भिंतीला टेकवलेली, आणि ती भिंत वरून खालपर्यंत ओली. कुठलं ठाणं ते सांगत नाही, मला तिथे पुन्हा जायचंय.

नळीवर बोट फिरवलं तर बोट हळद-कुंकवात घातल्यासारखं झालं. बाबा दर खंडेनवमीला तिला पाटावर ठेवून पूजा करायचे. ते त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. ते ८४ वर्षांचे आहेत. मला ती त्यांना पूर्वीसारखी दाखवायची होती. मी रस्ट ब्लू करणारा कुठे शोधणार होतो? नागपुरात विचारलं, जबलपूरला विचारलं. सगळे म्हणाले, बफ मारून काळी करून देतो.

दुर्बिणीचं म्हणाल तर मी बासष्टचा आहे. मागचं पातं मला धूसर दिसतं. रायफल आहे ती चालवायला, कपाटात कोंडायला नाही.

अक्रोडी दस्ता
गंजाचं मला माहीत नव्हतं. ते वाईट झालं, आणि त्यात तुमची चूक नाही.

पण गंज तेल लावून, बारीक स्टीलवूलने हळूहळू काढता येतो. डाग राहतात, राहू द्यावेत. आणि 'चालवायला' म्हणताय, तर .३१८ ची काडतुसं तुमच्याकडे किती आहेत?

तिसरी पिढी
अकरा.

अक्रोडी दस्ता
अकरा काडतुसांसाठी चार कायमची भोकं. मला आणखी काही म्हणायचं नाही.

माड-काजू
तुमची भोकं आणि जांभळं राहू द्यात बाजूला. जमा करण्याचा विषय निघालाच आहे तर आमचंही ऐका. आमच्याकडे विलायती काही नाही, पणजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे. परवान्यावर स्वच्छ लिहिलंय, शेतीसंरक्षणासाठी. २०२४ ला लोकसभेच्या वेळी जमा केली तेव्हा काजू पडत होता. विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला, तेव्हा भात कापणीला आलेलं. २०१९ ला २१ सप्टेंबरला लागली, तेव्हा भात पोटरीत होतं. म्हणजे शेत राखायची वेळ आली की राखणारी बंदूक तालुक्याला. डुकरांनी एका रात्रीत बारा गुंठे लोळवले. सकाळी बघितलं तर शेतात गादी घातल्यासारखं भात आडवं. निवडणूक डुकरांची आहे का?

रानवाटा
एक गोष्ट स्पष्ट करू. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नाही. डुक्कर वन्यजीव कायद्यात येतं, त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. पिकासाठी बार काढायचा तो हवेत, पळवून लावायला. प्रत्यक्षात काय होतं ते मी पाहिलंय. छरे लागलेली गव्याची मादी, मागच्या पायात पू झालेला, ओढ्यात तीन दिवस बसून होती. चौथ्या दिवशी गेली. ती कुणाच्या शेतीसंरक्षणात मेली?

आणि मूळ धाग्याबद्दल. इथे सगळे नळीच्या रंगावर हळहळताहेत, पण त्या नळीतून काय निघालं यावर एक शब्द नाही. १९७२ च्या गणनेत देशभरात १,८२७ वाघ उरले होते. ते काही रोगाने संपले नव्हते. मेळघाट आणि चांद्याच्या जंगलांत शिकारीचे ब्लॉक वाटले जायचे, आणि याच .३१८, .३७५, .४०४ घेऊन लोक जायचे. या वस्तूंवर प्रेम कसं करवतं, हे मला खरोखर कळत नाही.

माड-काजू
गव्याचं वाईट वाटलं. आमच्या गावातलं नसेल अशी आशा करतो. पण तुम्ही एक रात्र आमच्या माळ्यावर येऊन बसा. पत्र्याचा डबा वाजवून वाजवून हात दुखतात, फटाके लावून झाले, जुन्या साड्यांचं कुंपण करून झालं. दोडामार्गात २००२ पासून हत्ती आहेत, तिथल्या लोकांनी माड आणि केळी डोळ्यांदेखत गेलेली पाहिली आहेत. नुकसानभरपाईचा पंचनामा होईपर्यंत दुसरं पीक येतं. शहरात बसून कायदा सांगू नका.

रानवाटा
मी शहरात बसलेलो नाही. बारा वर्षं चंदगड भागात आहे. माझ्याही दारात गवे येतात आणि माझाही ऊस गेलाय. त्यामुळे हा 'शहरवाले' शिक्का मला लावू नका.

माड-काजू
मग तुम्हाला जास्त कळायला हवं.

रानवाटा
कळतं म्हणूनच बोलतोय. सौरकुंपणाला माझ्या चार एकरांत फरक पडला.

माड-काजू
आमचं शेत तीन तुकड्यांत, मध्ये वहाळ. कुंपण कुठून कुठे घालू? आणि तुकडे का झाले ते काढायला बसलो तर आणखी एक धागा लागेल.

बारा बोर
जमा करण्याबाबत एक सांगतो, ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्येच सांगितलंय की सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करून घेता येत नाहीत. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करायचा असतो: जामिनावर आहे का, गुन्ह्यांची पार्श्वभूमी आहे का, दंगलीत नाव आहे का. मी तसा अर्ज दिला आणि दुनळी घरी राहिली. जमा करावीच लागली तर पावती घ्या आणि पावतीवर हत्याराची स्थिती लिहून घ्या. फोटो काढून सोबत जोडा.

तिसरी पिढी
हे मला मार्चमध्ये कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माड-काजू
आमच्याकडे तो अर्ज घेतच नाहीत. 'वरून आदेश आहे' म्हणतात. पण या वेळी खंडपीठाचं नाव घालून देतो.

अक्रोडी दस्ता
रानवाटा, तुम्ही विचारलंत त्याला उत्तर देतो. टाळत नाही. हो, या रायफलींनी जंगलं रिकामी केली. माझ्या आजोबांनी १९५८ ला एक बिबट्या मारला, त्याचं कातडं आमच्या घरात मी दहावीत असेपर्यंत होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटत नाही. पण तीच वस्तू बनवणाऱ्याचा हातही माझ्यासमोर आहे. बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला की लांब नखी वर येणाऱ्या काडतुसाची कड पकडते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी धरा, आडवी धरा, काडतूस सुटत नाही. ओबर्नडॉर्फला, माउझरच्या जर्मनीतल्या कारखान्यात, १८९० च्या दशकात जुळवलेली आणि १८९८ च्या रायफलीत पक्की झालेली ही गोष्ट. त्यानंतर सव्वाशे वर्षं जगभरचे लोक तिचीच नक्कल करतात. वाईट कामाला वापरली म्हणून त्या हातातली विद्या खोटी ठरत नाही. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर भेट मिळालेली .२७५ रिग्बी आज पुन्हा रिग्बीकडेच आहे. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी तिनेच मारला. तिला कुणी बफ मारला असता तर तुम्हालाही हळहळ वाटली असती.

रानवाटा
कॉर्बेट यांचं नाव प्रत्येक वेळी पुढे येतं. एक कॉर्बेट, आणि हौसेखातर मारणारे शेकडो. तरी एवढं मान्य करतो, तुम्ही कातड्याचं लपवलं नाहीत. रायफल वितळवा असं मी म्हणणार नाही. ती कुणी कशासाठी वापरली ते तिच्या शेजारी लिहून ठेवा. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये मुलांना घेऊन गेलो तेव्हा भुसा भरलेल्या प्राण्यांपुढे मुलगी गप्प उभी राहिली होती. मला तसं गप्प होणं हवंय.

माहेरची .३१५
इतका वेळ वाचत होते. माझ्याकडे विलायती काही नाही, .३१५ आहे, आपल्या सरकारी कारखान्याची. लष्कराच्या .३०३ वर नागरिकांना बंदी होती म्हणून हा ८ मिमीचा बोर आपल्याकडे रुजला, आणि संग्रहवाले तिला 'साधी' म्हणून नाक मुरडतात. माझ्या वडिलांच्या हातात चाळीस वर्षं ती होती.

जुन्या काडतुसांच्या टोपीत क्षार असायचा. बार काढल्यावर तो नळीत राहतो आणि दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो, नुसत्या तेलाने निघत नाही. बाबा सरावाहून आले की आधी पितळी पातेल्यात पाणी उकळायचं काम माझं. ते पितळेचं नरसाळं चेंबरमध्ये बसवायचे आणि मी वरून ओतायचे. तोंडाकडून करडं पाणी परातीत पडायचं, स्वच्छ पडायला लागलं की ते 'बास' म्हणायचे. नळी एवढी तापायची की ती आपोआप कोरडी व्हायची. मग फडकं, मग तेल. दस्त्याला वर्षातून एकदा अळशीचं तेल, थेंब-थेंब, तळहाताने चोळून. तळहात गरम झाला पाहिजे, हा त्यांचा नियम.

ते गेले तेव्हा घरात तीन हत्यारं होती. दुनळी, .३१५ आणि .२२. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच ठेवता येतात, वारशाने आली तरी. .२२ दिली. परवान्याच्या अर्जासाठी गेले तर टेबलामागच्या माणसाने विचारलं, 'जावईबापूंच्या नावावर करू या का?' नवऱ्याला बंदुकीचा दस्ता कुठला आणि तोंड कुठलं कळत नाही. मला भाऊ नाही. अकरा खेपा घातल्या आणि माझ्याच नावावर करून घेतली.

तिसरी पिढी, तुमच्या बाबांनी ती चकाकणारी रायफल पाहिली तेव्हा काय म्हणाले? ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

तिसरी पिढी
ताई, खरं सांगतो. त्यांनी हातात घेतली, दस्त्यावर अंगठा फिरवला आणि विचारलं, 'खाच कुठे गेली?' आजोबांची जीप उलटली तेव्हा दस्त्याला पडलेली खाच होती. ती भरून, घासून, पॉलिश करून दिली होती. मी म्हटलं, दुरुस्त केली. ते 'बरं' म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

अक्रोडी दस्ता
तुम्ही वाहवेसाठी केलं असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. भोकांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण त्या वाक्यातला सूर मी मागे घेतो.

आता जमेल तेवढं वाचवू. त्या पॉलिशवाल्याने काढलेले तुकडे परत दिले असतील तर शोधा. आणि नंबर पुसट झाला असेल तर आधी त्याच्याकडे बघा. ओळखीची खूण पुसणं हा शस्त्र कायद्यात गुन्हा आहे, नूतनीकरणाच्या वेळी तुम्हीच अडचणीत याल. खालचे दोन स्क्रू काढून दस्ता उतरवा. या रायफलींवर नंबर बहुधा लाकडाआड, नळीच्या पोटालाही असतो. स्क्रूड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असंच घ्या, नाहीतर राहिलेली डोकीही जातील.

तिसरी पिढी
दस्ता उतरवला. नंबर आहे, पूर्ण, पाच आकडी, परवान्याशी जुळतो. बफ तिथे पोचला नव्हता.

दुर्बिणीच्या खोक्यात तळाला वर्तमानपत्राची पुडी निघाली. तिच्यात पंखाची सेफ्टी आणि मागच्या साइटची तिन्ही पाती, एक उभं, दोन घडीची, मधल्या रेषेची पांढरी चमक तशीच. पात्यांखालचा तुकडा खिडकीशी नेऊन पाहिला. जांभळाचं तुम्ही म्हणालात ते मला काल कळलं नव्हतं.

सेफ्टी बाबांच्या हातात दिली. तिला चिकटलेलं जुनं तेल त्यांनी नखाने काढलं आणि म्हणाले, दुर्बीण उतरव. उद्या उतरवतो. भोकांत बसतील असे छोटे स्क्रू कुठे मिळतील?

अक्रोडी दस्ता
डोकं नसलेले, नळीच्या वर न येणारे घ्यायचे. माप कळवा, माझ्याकडे एक डबी आहे, त्यात बघतो. आणि ती पुडी फेकू नका, कागदावरची तारीख बघून ठेवा.

माड-काजू
त्या छाननी समितीच्या अर्जाचा मसुदा कुणाकडे असेल तर टाका. जिल्हा परिषदेच्या वेळी लागेल.