गीझर उघडताय तर ॲनोड रॉडही बघा

थंडीआधी गीझरच्या कॉइलवरचा क्षार काढून घ्या, असं सांगतात ते अगदी बरोबर. पण तेवढ्यावर थांबू नका. आतून काचेचा लेप दिलेल्या टाकीत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. तो स्वतः झिजतो, म्हणून टाकीचं पोलाद गंजायचं वाचतं. आमच्याकडे वाघोलीत बोअरचं जड पाणी. २ वर्षांत रॉडची नुसती तार उरली होती. सर्व्हिसिंगवाल्याने फक्त कॉइल घासली, रॉडचं नावही काढलं नाही. टाकी गळायला लागली तेव्हा कळलं, फार वाईट वाटलं. रॉड टाकीच्या मानाने कितीतरी स्वस्त असतो हो!

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने चिकटलेला नाही ना, हे समोर उभं राहून तपासून घ्या. तो अडकला तर वाढलेला दाब बाहेर पडायला वाटच उरत नाही.