चोरी झाली तर डीव्हीआर पोलिसांना द्यायचा, की क्लिप पुरे?

शहापूरकर:
आमचं बेळगावच्या शहापुरात साडीचं दुकान. गेल्या पावसाळ्यात गल्ला फोडला. चोर कॅमेऱ्यात स्वच्छ दिसत होता. भावानं टीव्हीसमोर मोबाइल धरून क्लिप काढली, गल्लीच्या ग्रुपवर टाकली आणि आम्ही निर्धास्त झालो. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) चालूच राहिला. तपासाला माणूस आला तोवर डिस्क भरून त्या रात्रीचं सगळं पुसलं गेलेलं. त्या जागी साड्या बघणारी गिऱ्हाइकं. हाती उरली व्हॉट्सॲपवरची क्लिप, कोपऱ्यातली वेळसुद्धा वाचता येत नाही अशी. म्हणून सांगतो, चोरी कळल्या कळल्या रेकॉर्डिंग थांबवा आणि अख्खा डीव्हीआर पंचनामा करून द्या.

खानापूरचा किराणावाला:
नाही पटलं. माझा डीव्हीआर नेला तो सात महिने परत आला नाही. हे बघून पुढच्या वेळी शेजारचा यंत्र द्यायला नको म्हणून सरळ म्हणेल, कॅमेरा बंद होता. शिवाय पंचनामा कन्नडात. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. काय लिहिलंय ते न कळता सही केली, त्याचा अजून त्रास होतो. पेन ड्राइव्हवर कॉपी घ्या, यंत्र दुकानातच राहू दे.

वकील, बेळगाव:
कॉपी चालते, पण नुसती नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली हेच स्पष्ट केलं. मालकानं मूळ यंत्र कोर्टात आणून साक्ष दिली तर प्रमाणपत्र (कॉपी कुठल्या यंत्रातून, कशी काढली ते सांगणारं) नको. कॉपीला ते हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश, म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेली अक्षर-आकड्यांची ओळख, लिहावी लागते. फाइलमध्ये तीळभर बदल झाला तरी हॅश पार बदलते. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, म्हणजे ती क्लिप मूळ फाइल राहतच नाही.

निपाणीकर (कॅमेरे बसवतो):
मधला रस्ता आहे. डिस्क तेवढी काढून सील करून द्या, यंत्रात नवी घाला. मात्र काही डीव्हीआरची डिस्क त्याच कंपनीच्या यंत्राशिवाय उघडत नाही, म्हणून मॉडेल नंबर पंचनाम्यात हवाच. आणि घड्याळ! मी पाहिलेलं एक ११ मिनिटं मागं होतं. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारी शेजारी लिहून घ्या, नाहीतर आरोपी म्हणणार, त्या वेळी मी दुसरीकडंच होतो.

शहापूरकर:
डिस्कचं पटलं, माझा हट्ट सोडतो. पण ती काढायची पंचांसमोरच. प्रयोगशाळेतसुद्धा मूळ डिस्कला राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) लावून आधी प्रतिमा, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, घेतात आणि तपास त्या प्रतिमेवर करतात. मग आपण घरी चालवून बघायचं कशाला?

खानापूरचा किराणावाला:
डिस्क देईन. पण नव्या डिस्कचे पैसे दुकानदारानंच का भरायचे? आणि पंचनामा मराठीत वाचून दाखवल्याशिवाय आता सही नाही.