जुन्या पिकअपचा कॅटकॉन चोक झाला आहे : कोणता बसवावा?

प्रश्न (सावदा, ता. रावेर)

नमस्कार. माझा २०१७ सालचा, बीएस-४ या प्रदूषण मानकाचा डिझेल पिकअप केळीच्या वाहतुकीत आहे. भरलेली गाडी कन्नड घाटात ओढत नाही, डिझेल जास्त लागते आणि केबिनखालचा पत्रा फार तापतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅटकॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा सायलेन्सरच्या नळीतला डबा) अलीकडचे, इंजिनाकडचे बोल्ट सैल करून थोडे अंतर चालवल्यावर गाडी लगेच मोकळी झाली, त्यामुळे कॅटकॉन चोक असल्याचे निदान झाले. आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवावा, पीयूसी तरीही निघेल, असे मिस्त्री म्हणतात. मला ते पटत नाही. पण कंपनीचा भाग महाग आहे. बाहेरचा घेतल्यास तो टिकेल का आणि घेताना काय पाहावे, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे)

भाऊ, जाळी मुळीच फोडू देऊ नका. डिझेल गाडीच्या पीयूसीत केवळ धुराचा दाटपणा मोजला जातो, तर कॅटकॉनचे मुख्य काम कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या इंधनाची वाफ यांवर असते. म्हणजे मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरले, तरी जे यंत्राला दिसत नाही ते केळी भरताना गाडीमागे उभ्या असलेल्या मजुरांच्या छातीत जाणारच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि प्रदूषणाच्या नियमभंगासाठी कलम १९० मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग (आरटीओची तपासणी) करावे लागते, हेही लक्षात घ्यावे.

मात्र नवा भाग घेण्याआधी जुना का चोक झाला, हे शोधणे सर्वांत महत्त्वाचे आहे. कॅटकॉन सहसा आपणहून चोक होत नाही. नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) गळत असेल, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला असेल किंवा इंजिन ऑइल जळत असेल, तर काजळी आणि राख जाळीत साचते, आणि ऑइलमधले फॉस्फरस व जस्त प्लॅटिनम-पॅलेडियमच्या लेपावर बसून तो निकामी करतात. ते कारण तसेच राहिले, तर कितीही महागडा भाग बसवला तरी त्याची तीच गत होईल. आपल्या गाडीचा धूर कोणत्या रंगाचा आहे आणि ऑइल कमी होते का, हे कृपया कळवावे.

प्रश्नकर्ते

सकाळी गाडी सुरू केल्यावर निळसर धूर येतो. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल वरून टाकावे लागते.

उत्तर (धुळे)

म्हणजे ऑइल जळत आहे. मग आधी टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) तपासा. टर्बोकडून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारा भाग) जाणारा पाइप काढून आत बोट फिरवा. ऑइलचा हलका थर असणे स्वाभाविक आहे, परंतु ऑइल साचलेले असेल किंवा टर्बोची दांडी हाताने हलवल्यावर जाणवण्याइतकी डगमगत असेल, तर टर्बोचे काम आधी करून घ्यावे. तिथे काही आढळले नाही, तर पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह सील (ऑइल जळण्याच्या जागी जाऊ न देणारे भाग) यांचा क्रम येतो.

उत्तर (जळगाव)

खरेदीबाबत माझे मत असे की, परवडत असेल तर कंपनीचाच भाग घ्यावा. बाहेरचा घ्यायचाच असेल, तर चेसिस नंबर देऊन बीएस-४ इंजिनासाठीचाच मागावा, पक्के बिल आणि लेखी वॉरंटी घ्यावी, आणि पैसे देण्यापूर्वी टॉर्च लावून आत पाहावे: मधाच्या पोळ्यासारखी बारीक, सलग, न तुटलेली जाळी दिसली पाहिजे. हलवल्यावर आत खडखड होत असेल तर तो घेऊ नये. जुना डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्यातील मौल्यवान धातूंमुळे त्याला भंगारात चांगली किंमत येते, ती बिलातून वळती करून घ्यावी.

बसवताना डब्यावरील बाण धूर जाण्याच्या दिशेने असावा, दोन्ही बाजूंची गॅस्केट आणि गंजलेले बोल्ट नवे घालावेत, लोंबकळणारे हँगर रबर बदलावेत. वेल्डिंग करावे लागले तर आधी बॅटरीची तार काढायला सांगा. आणखी एक सूचना: घाट चढून आलेली गाडी शेतात वाळलेल्या केळीच्या पाल्यावर किंवा पऱ्हाट्यांवर उभी करू नये. हा डबा खूप तापलेला असतो आणि उन्हाळ्यात तेवढ्यानेही आग लागू शकते.