डॉक्सीच्या चार कॅप्सूल

(राजेंद्र नगर, इंदूर. सोसायटीचा ग्रुप)

रविवार, रात्री ९:४२

राहुल, सी-३०३: कोणाकडे डॉक्सी १०० आहे का, ती अँटिबायोटिक कॅप्सूल? बाबांना चार दिवस ताप आहे, १०२ च्या खाली येतच नाहीये. मागच्या वर्षी गणपतीनंतर असेच पडले होते, तेव्हा याच कॅप्सूलने बरे झाले. कोपऱ्यावरचं मेडिकल बंद झालंय.

सुधाकाकू, ए-१०२: आहेत रे, चार आहेत. मन्याला खोकल्यासाठी दिल्या होत्या, त्यातल्या उरल्या. 📷 लिफ्टने वर पाठवते.

नलूताई, बी-१: सुधा, थांब. पाठवू नकोस. आणि चार उरल्या कशा गं?

सुधाकाकू: अगं, तिसऱ्या दिवशी खोकला गेला. मग कशाला उगाच पोटात औषध?

नलूताई: तो हिशेब नंतर करू. फोटो मोठा करून बघा सगळे. स्ट्रिपवर लाल उभी रेघ आहे ना? ती नक्षी नव्हे. डॉक्टरांच्या पर्चीशिवाय घेऊ नका, असं सांगायला ती असते, २०१६ पासून सरकार ओरडून सांगतंय. आणि तारीख जिथे छापलेली असते, नेमका तोच कोपरा कापलाय. कधीच्या आहेत, तुला तरी आठवतंय का?

सुधाकाकू: यंदाच्याच असतील.

नलूताई: असतील! राहुल, पावसाळा संपताना चार दिवसांचा ताप म्हणजे डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, काहीही निघू शकतं. डेंग्यू असला तर डॉक्सी त्याचं काही वाकडं करणार नाही. रात्रीपुरती पॅरासिटामोल दे, एका गोळीनंतर दुसरीच्या आधी सहा तास जाऊ दे, पाणी पाजत राहा. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन मनानं देऊ नकोस. सकाळी डॉक्टर आणि रक्त. पण श्वास लागला, गुंगी आली किंवा लघवी कमी झाली, तर सकाळ बघू नकोस, सरळ इमर्जन्सीत ने.

राहुल: बरं ताई.

हेमंत, बी-२०२: भिया, गाडी लागली तर माझी खालीच आहे. कधीही उठव.

सोमवार, संध्याकाळी ६:१०

राहुल: डॉक्टरांनी बाबांचा सदरा वर केला, पायजम्याची नाडी सैल करायला लावली. कमरेच्या घडीत बोराच्या बीएवढी काळी खपली, भोवती लाल. सिगारेटचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाबांना पत्ताच नव्हता. मग विचारलं, गवतात गेला होतात का? दहा-बारा दिवसांपूर्वी महूकडच्या शेतावर गेले होते की! स्क्रब टायफस म्हणाले. रक्तही तपासायला दिलंय, पण औषध आजच सुरू. आणि काकू, औषध कोणतं सांगा?

सुधाकाकू: डॉक्सी!!! बघ नलू, माझ्याच कॅप्सूल 😄

हेमंत: आम्हाला लागण नाही ना होणार?

राहुल: नाही. गवताझुडपातला बारीकसा किडा, माइट, चावतो, त्यातून होतं. माणसापासून माणसाला नाही.

नलूताई: सुधा, औषध तेच निघालं, मान्य. तुझ्या हाताला यश आहे. पण पर्चीवर किती आहेत, राहुल?

राहुल: सकाळ-संध्याकाळ एक, ७ दिवस. १४.

नलूताई: आणि हिच्याकडे चार. या आजारात डॉक्सीनं बहुधा दोन दिवसांतच ताप उतरतो. चार संपता संपता बाबा ठणठणीत दिसले असते, मग उरलेल्या दहा आणायला कोण गेलं असतं? राहुल, अजून काय काय चालू आहे त्यांचं? त्यावर सगळं ठरतं.

राहुल: सकाळी बीपीची, दुपारी जेवल्यावर कॅल्शियम. रात्री झोपताना ते गुलाबी ॲसिडिटीचं औषध, आणि त्यावर हळदीचं दूध.

वसंतकाका, ए-४०१: मध्ये बोलतो, पण हे सांगायलाच हवं. मला ही कॅप्सूल दोन वर्षांपूर्वी छातीच्या इन्फेक्शनसाठी होती. रात्री पलंगावर आडवा झालेलो, हिनं हातात दिली, एका घोटात गिळली आणि दिवा मालवला. पहाटे छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी. सगळं घर हार्ट अटॅक समजून धावलं, ईसीजी झाला, तो स्वच्छ. शेवटी दुर्बीण घातली तर अन्ननलिकेत दोन व्रण. कॅप्सूल तिथेच चिकटून विरघळली होती. पुढे कित्येक दिवस थंड दलिया आणि ताक. त्या हिवाळ्यात सराफ्याचे तळलेले गराडू कंद नुसते बघितले मी.

नलूताई: तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी होते, हे एक वाक्य प्रत्येकाला सांगायचे आणि निम्मे ऐकायचे नाहीत. राहुल, बाबांना खुर्चीत बसवून, पूर्ण पेला पाण्याबरोबर. नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सकाळची पोहे खाऊन दे, रिकाम्या पोटी मळमळेल. दुसरी साडेसातच्या जेवणाबरोबर, झोपताना नाहीच. कॅल्शियम दुपारीच राहू दे. ॲसिडिटीचं औषध साडेदहाच्या आधी नको. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची पातळ औषधं डॉक्सीला पोटातच धरून ठेवतात, मग रक्तात जाणार काय? मध्ये दोन-तीन तास हवेतच. दूध हिच्याच जातीच्या जुन्या टेट्रासायक्लिनइतकं हिला आडवं येत नाही, तरी कॅप्सूल दुधाबरोबर गिळायची नाही. आणि गच्चीवर उन्हात पेपर वाचणं आठवडाभर बंद. कातडी भाजल्यासारखी लाल होते. अंगावर पुरळ उठलं, ओठ सुजले तर लगेच डॉक्टर.

राहुल: पेपरवरून भांडण होणार 🙏

प्राची, सी-१०१: नलूमावशी, मी पण डॉक्सी घेते, पिंपल्ससाठी. आता त्याच्यासाठीच दुसऱ्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन लिहून दिलंय. दोन्ही चालेल?

नलूताई: नाही गं बाई. दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो. आधीच्या औषधाचं त्यांना सांगितलंस का? आत्ता फोन कर. डोकं दुखतंय, धूसर दिसतंय असं काही?

प्राची: नाही. विचारलंच नाही त्यांनी, म्हणून मीही बोलले नाही. करते फोन.

हेमंत: आमच्या चिनूला ताप आला तर हीच चालेल का? पाच वर्षांचा आहे.

नलूताई: आठच्या आतली मुलं आणि गरोदर बायका, यांचं डॉक्टरच ठरवतील. वाढत्या दातांवर डाग पडतात, म्हणून विचार करून देतात.

बुधवार, सकाळी ८:५५

सुधाकाकू: कचऱ्याची गाडी आलीये. नलू, त्या चार कोणत्या डब्यात टाकू?

नलूताई: घातक कचऱ्याच्या. ओल्यात नको, संडासातही नको. स्ट्रिपमध्येच राहू दे.

सुधाकाकू: टाकल्या. मन्याचं अर्धं खोकल्याचं बाटलीतलं पण टाकलं.

राहुल: ताई, बाबांचा ताप उतरला! रात्रीपासून ९८. पोह्यांवर स्वतः सेव मागून घेतली. आताची धरून चार झाल्या. म्हणतायत, बरं वाटतंय, आता बास की.

नलूताई: दहा राहिल्यात. फोन दे त्यांच्याकडे.